त्या मोळीत सरपण नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महाबळेश्वर तालुक्यातल्या आमच्या कांदाटी खोऱ्यावर पानभर लेख आला. अंक माझ्या हातात पडला बुधवारी. त्यात तुमचा दोष नाही. तापोळ्याच्या धक्क्यापर्यंत तो वेळेवर आला होता, पुढे लाँचवाल्याच्या बाकाखाली पडून राहिला. लेख मी दोनदा वाचला. एकदा माझा मी, आणि एकदा मोठ्यानं, माझ्या चुलत जाऊबाईंना ऐकवण्यासाठी. कारण त्या पानावरचा मोठा फोटो त्यांचाच आहे.

फोटोखाली ओळ आहे : 'सरपणाची मोळी घेऊन निघालेली स्वावलंबी आजी'. ती ऐकून जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, "सरपान कुटलं? आगं कारवी हाय ती, गोठ्याच्या कुडाची."

तर पहिली दुरुस्ती ही. त्या मोळीत सरपण नव्हतं. कारवीच्या काठ्या होत्या. त्या सरळसोट असतात, बोटभर जाड. एकीला एक लावून विणायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायच्या, की कूड तयार. आमच्या जुन्या घरांच्या भिंती अशाच. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा अख्खा डोंगर जांभळा होतो आणि त्या साली मध वेगळाच मिळतो. फुलून झाली की ती वाळते. ही माहिती तुमच्या लेखकाला एका प्रश्नात मिळाली असती, पण तो प्रश्न विचारायचा राहिला असावा.

दुसरी दुरुस्ती चहाची. लेखात लिहिलंय की या आजी एकट्या राहतात, त्यांना कुणाची गरज नाही, आणि त्यांनी पाहुण्यांना आग्रहानं चहा पाजला. त्या चहाची साखर माझ्या घरातून गेली होती. दूध वरच्या धनगरवाड्यावरून आलं होतं. चहाची पत्ती तेवढी त्यांची. साखरेची वाटी अजून परत आलेली नाही आणि मी ती मागणारही नाही, कारण माझ्याकडे त्यांची अर्धी पायली नाचणी येणं आहे. हे देणंघेणं गेली चाळीस वर्षं चालू आहे. कुणाचं कुणाकडे किती, हे आता आम्हा दोघींनाही नक्की सांगता येणार नाही.

एवढ्यासाठी मी पत्र लिहीत बसले नसते. पण लेखाचा सगळा रोख असा आहे की सह्याद्रीच्या कड्यांनी आणि पावसानं इथली माणसं जगापासून तोडली, त्यातून ती कणखर झाली आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली. वाचायला छान वाटतं. मी या खोऱ्यात लग्न होऊन आले १९७७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. त्यानंतर छत्तीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून इथली घरं, मुलं, बाळंतपणं आणि मयतं पाहिली. एवढ्या वर्षांत मला स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं एकही माणूस इथं भेटलेलं नाही. जो तो दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

'स्वावलंबन' हा शब्द आमच्या बोलीत नाही. आमचा शब्द आहे सावड. भाताची लावणी चार दिवसांत उरकावी लागते, एका घराच्या हातांनी ती होत नाही. मग आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. बैलांची सावड, माणसांची सावड, घर शाकारायची सावड. पैसा मधे येत नाही, ज्याच्याकडे काम त्यानं जेवण घालायचं. पाऊस वरून, चिखल खाली, डोक्यावर पानांचं इरलं आणि एका सुरात भलरी. सावडीला जो येत नाही त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. पुढच्या वर्षी त्याच्या शेतावर कुणी जात नसे, एवढंच. यात प्रेमही होतं, पण आधी गरज होती. डोंगरानं आम्हाला एकट्यानं जगायला शिकवलं नाही, एकट्यानं जगता येत नाही हेच शिकवलं.

एक कबुलीही द्यायला हवी, नाहीतर मीही तुमच्या लेखकासारखी गोड गोड लिहीन. ही सावड सगळ्यांना सारखी नव्हती. वरच्या धनगरवाड्यावरून दूध, तूप खाली यायचं, पण आमच्या लावणीच्या सावडीत त्यांना धरलं जात नसे. त्यांच्या घरात आजारी माणूस असेल तर ते स्वतःच खाली उतरवून आणायचे. आम्ही वर गेलो असं मला फार वेळा आठवत नाही. आज त्यांचंच दूध आमच्या चहात आहे, म्हणून लिहिते.

आता तुटलेपणाविषयी. लेखात म्हटलंय की हे खोरं 'शतकानुशतकं' जगापासून तुटलेलं आहे. साफ चुकीचं. जावळीच्या मोऱ्यांचा हा मुलूख. १६५६ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला तो काही इथं कुणी येत-जात नव्हतं म्हणून नव्हे, तर कोकणात उतरायच्या घाटवाटा इथून जात होत्या म्हणून. वाटा अवघड होत्या, पण चालू होत्या. हातलोटचा घाट होता, चकदेवची शिड्यांची वाट होती, शिंदीवरून खोपीला उतरणारी वाट होती. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, लहानपणी चकदेवच्या शिडीनं आंबिवलीला उतरून खेडच्या बाजाराला गेल्या होत्या. डोक्यावर हिरडा आणि तूप घेऊन जायचं, येताना मीठ, सुकट आणि बांगड्या आणायच्या. पलीकडे कोयना ओलांडली की मेढ्याची वाट. उन्हाळ्यात नदी गुडघाभर असायची, बाया लुगडं खोचून पार व्हायच्या.

आणि मीठ म्हटलं की स्वयंपूर्ण खेड्याच्या सगळ्या गोष्टी मला खोट्या वाटायला लागतात. मीठ डोंगरात पिकत नाही. कोयत्याचं लोखंडही पिकत नाही, लुगडंही नाही. इथला माणूस कधीच बाहेरच्यावाचून जगलेला नाही. फक्त त्याला बाहेर जायची वाट स्वतःच्या पायांनी तुडवावी लागत होती.

मग खोरं तुटलं कधी? कोयनेचं पाणी चढलं तेव्हा. धरण १९६० च्या दशकात पुरं झालं, त्याचा शिवसागर जलाशय भरला, आणि खोऱ्याची खालची बाजू पाण्यात गेली. नदीकाठची गाळाची भातशेती, जुनी गावठाणं, देवळं, पायवाटा सगळं गेलं. काही लोकांना सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत जमिनी दाखवल्या. काही गेले, काही जाऊन परत आले, आणि बरेचसे घराची लाकडं उचलून वर सरकले, जिथं वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या जमिनीशिवाय काही नव्हतं. जी नदी आत्याबाई गुडघाभर पाण्यातून ओलांडत होत्या ती ओलांडायला आता लाँच लागते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या शेतांचे बांध वर येतात. तिथं गाळपेर करताना एकदा आत्याबाईंनी मला एक दगड दाखवला होता. म्हणाल्या, "ह्यो आमचा उंबरा." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तर मला तो सापडला नाही. सगळे दगड सारखेच दिसत होते.

म्हणून कृपा करून हे दुर्गमपण सह्याद्रीच्या नावावर टाकू नका. निम्मं सह्याद्रीचं असेल. निम्मं सरकारनं नकाशावर आखलेलं आहे, १०५ टीएमसी पाण्याचं. त्या पाण्यातून १९६० मेगावॉट वीज होते, आणि ती व्हायला हवी, राज्य अंधारात ठेवा असं कोण म्हणेल? पण मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच पाण्याच्या काठावरच्या आमच्या घरात रॉकेलची चिमणी होती आणि पुढे कितीतरी वर्षं तीच राहिली. तेव्हाही एक साहेब आले होते. चिमणीच्या उजेडात जेवले आणि 'किती साधं आणि समाधानी जीवन' असं म्हणून गेले.

डोंगरानं काहीच दिलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. डोंगरानं हिशेब दिला. महाबळेश्वरच्या या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. मृग लागायच्या आत आगोटीची बेगमी झाली पाहिजे. लाकडं माळ्यावर, शेणी कोरड्या जागी, मिठाचं मडकं चुलीच्या वर शिंक्यात, म्हणजे त्याला पाणी सुटत नाही. सुकट, मिरची, कुळीथ. बी राखेत घोळून गाडग्यात. पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या झडपा बांधायच्या, नाहीतर आडव्या पावसानं कूड उघडा पडतो. हे सगळं घरातली बाई बोटांवर मोजायची. माणसं किती, दिवस किती, पाहुणा येईल तर किती. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, पण श्रावणात मीठ कधी संपेल ते त्या वैशाखात सांगायच्या.

नाचणी तर आमची खरी बँक. वरकस जमिनीवर पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग कारळा, आणि मग जमीन काही वर्षं पडीक टाकायची. नाचणीला सहसा कीड लागत नाही. कणगीत चार-चार वर्षं राहते. भात गेलं तरी नाचणी असायची. आता पुण्यामुंबईत तिची बिस्किटं विकतात आणि आमच्याकडे ती पेरायला माणूस नाही, रानडुकरं मात्र आहेत.

कुडाचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची, माहेरी होते. भांडी फळीवरून खाली आली आणि आजीनं मला दंडाला धरून अंगणात ओढलं. पुढे कोयनानगरच्या बातम्या कळल्या, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. सासरी आल्यावर आत्याबाई सांगायच्या, आमचा कूड हलला, लिंपण पडलं, पण घर अंगावर आलं नाही. दगडमातीच्या भिंतींनी माणसं मारली. कारवीची भिंत पडली तरी काय, काठ्याच त्या. म्हणून जाऊबाईंच्या डोक्यावरच्या मोळीला सरपण म्हटलेलं मला लागलं.

पण त्या हिशेबाची एक दुसरी बाजू आहे, आणि माझी छत्तीस वर्षं तिच्याशी भांडण्यात गेली. तिला आमच्याकडे 'अंगावर काढणं' म्हणतात. जो माणूस कुणाला मीठ मागायला लाजत नाही, तो दुखणं सांगायला लाजतो. ताप आला, अंगावर काढला. खोकला तीन महिने, अंगावर काढला. बाईचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर यायला लागलं तरी दहा-दहा वर्षं अंगावर काढलेलं मी पाहिलंय, आणि लावणीला वाकलेलीही पाहिली आहे. विचारलं तर म्हणायच्या, "काय न्हाय बाई, हुईल बरं." दवाखाना पाण्यापलीकडे, जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि न्यायला चार माणसं. त्या चार माणसांचा दिवस मोडायचा, आणि मोडलेला दिवस सावडीत फेडायचा. तो हिशेब करूनच माणूस गप्प बसतो. शहरातून आलेल्याला ती सहनशक्ती दिसते. मला ती नोंदवहीत दिसायची. उशिरा सापडलेला क्षय, वजन न भरलेलं मूल, तेविसाव्या वर्षी चौथं बाळंतपण.

एक दिवस सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. १९९४ चा जुलै. वाडीतली एक पोर पहिलटकरीण, रात्रीपासून कळा, सुईण म्हणाली पायाळू आहे, माझ्या हातात नाही. लाँच बंद. वारा एवढा की धक्क्याशी बांधलेली होडीसुद्धा दगडावर आपटत होती. राहिला घाट. शिंदीवरून खोपीला उतरायचं, तेही पायवाटेनं, म्हणजे धड चालणाऱ्याला सुद्धा दिवस जातो. घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली. झोळीला दोन्ही टोकांना दोन-दोन असे चार लागतात आणि बदलीला चार, म्हणजे आठ. वाडीत साठीच्या आतले पुरुष किती होते? तीन. त्यातला एक शाळेचे गुरुजी, ते परगावचे. बाकीचे सगळे मुंबईत. मग पाच बाया निघालो. मी त्यातली एक. झोळीला खांदा बायांनी द्यायचा नाही अशी रीत होती. त्या दिवशी ती रीत कुणाला आठवली नाही.

पहाटे निघालो, खोपीला पोचलो तेव्हा दिवे लागायला आले होते. पुढे खेडच्या दवाखान्यात बाई वाचली. बाळ वाटेतच गेलं होतं. आठव्या दिवशी परत आल्यावर मी अंगणवाडीच्या नोंदवहीत लिहिलं, 'मृत जन्म – १'. त्या रकान्याला पुढे शेऱ्यासाठी जागा असते, ती मी कोरी सोडली.

तुमच्या लेखकाला ही गोष्ट सांगितली असती तर त्यांनी तिला जिद्द म्हटलं असतं. आमच्याकडे दुसरा उपाय नव्हता. उपाय नसण्याला जिद्द म्हणायची सवय ज्यांना उपाय आहे त्यांनाच असते.

आणि ते पुरुष मुंबईत होते, हे लेखात कुठेच नाही. या खोऱ्याचं तथाकथित स्वावलंबन मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत होतं. आमच्याकडचे, जावळीतले, पाटणचे हजारो लोक मुंबईत हमालीला गेले. माझे मालक मशीद बंदरला पोती उचलायचे, बाजार हलला तसे वाशीला गेले. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं आणि १९६९ साली कायदा झाला, म्हणून त्या पाठीला थोडा दाम मिळाला, पुढे फंड मिळाला. मुंबईत गावाचा गाळा होता, एकच खोली, वीस-पंचवीस जण, निम्मे दिवसा झोपणारे, निम्मे रात्री. नवा पोरगा आला की गाळ्यात ट्रंक ठेवायला जागा आणि मुकादमाकडे ओळख आपोआप. म्हणजे तिथंही सावडच. गावच्या देवळाचा पत्रा, झऱ्यावरून आणलेली पाण्याची पाइपलाइन, शाळेची फरशी, हे सगळं मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळानं केलं. एकदा मंडळानं कुठूनसं जुनं स्ट्रेचर पाठवलं, चांगलं लोखंडी. आम्हाला केवढा आनंद झाला. पण ते आमच्या वाटेच्या वळणावर वळेना, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. आता त्यावर शेजारी मिरच्या वाळवतात. घोंगडीची झोळीच खरी, ती वाटेसारखी वाकते.

माझी काळजी अशी आहे. ज्या व्यवस्थेचं तुम्ही आज कौतुक करताय ती माणसांवर चालत होती, आणि माणसं आता नाहीत. मी अंगणवाडी सुरू केली तेव्हा माझ्याकडे एकतीस मुलं होती. निवृत्त झाले २०२३ साली, तेव्हा दोन. लावणीला सावड मागायची तर कुणाकडे? २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री आमच्या वाडीत तेवीस माणसं होती, आणि मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची, तरी त्यातल्या तरण्या बायकांत धरली जायचे. सकाळी उठून पाहिलं तर ओढ्याच्या अंगाची खाचरं दगडगोट्यांनी भरलेली, वाट दोन ठिकाणी गेलेली. पूर्वी असं झालं की हाळी द्यायची, दोन वाड्यांतून चाळीस माणसं टिकाव-घमेलं घेऊन यायची, दोन दिवसांत पायवाट मोकळी. त्या दिवशी आम्ही हाळी दिली. पलीकडच्या वाडीतून एक म्हातारे बाबा काठी टेकत आले. म्हणाले, "मी बगाय आलोय, कामाला न्हाय." मग आम्ही जेसीबीची वाट पाहत बसलो.

अशा वाडीवर 'यांना कुणाची गरज नाही' असं छापलं जातं, आणि ते साताऱ्यात किंवा मुंबईत कुणीतरी साहेब वाचतो, आणि त्याला बरं वाटतं. गरज नाही तर मग द्यायचं काय? हे मी उगाच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात नर्सबाई मुक्कामी ठेवा असा अर्ज घेऊन आम्ही बाया एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाले, "तुम्ही डोंगरातली माणसं फार काटक, तुम्हाला काही होत नाही." आम्ही हसलो. परत येताना लाँचमध्ये कुणी हसलं नाही.

पूल होतोय हे मला माहीत आहे. तापोळा-आहिर पुलाचं काम चालू आहे, आणि तो झाला की खूप फरक पडेल, मी काही रडतराऊत नाही. रघुवीर घाटाची गाडीवाट आता आहे, खेडची एसटी अकल्प्यापर्यंत येते. दरड आली की बंद, पण येते. १९९४ साली ती वाट असती तर त्या नोंदवहीत काय लिहिलं असतं, हा विचार मी करायचा नाही असं ठरवलंय. नवीन महाबळेश्वर म्हणून शेकडो गावांचा प्रकल्पही आखलाय म्हणे. रस्ते आले की रिसॉर्ट येतील. आणि मला आत्ताच दिसतंय, त्या रिसॉर्टच्या भिंतीवर जाऊबाईंसारख्या एखाद्या आजीचा फोटो मोठा करून लावलेला, खाली 'मातीतली माणसं' वगैरे. भिंत मात्र कारवीची नसेल.

पण पूल होईपर्यंतचे पावसाळे कोण काढणार? म्हणून मागणं मांडते. पुरवणीत जागा नसली तरी पत्रव्यवहारात तरी छापा. जून ते सप्टेंबर नर्सबाई खोऱ्यात मुक्कामी हवी, आणि तिला राहायला गळत नसलेली खोली हवी, नाहीतर ती तरी का राहील. चार महिन्यांचं रेशन मेअखेर वाडीत पोचायला हवं. आम्ही बेगमी करणारी माणसं आहोत, साठवायला आम्हाला शिकवावं लागणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या पायवाटा. गाडीरस्ता दरडीनं बंद होतो तेव्हा पायवाटच कामाला येते, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. पूर्वी आम्ही त्या सावडीनं राखत होतो. आता जे दहा-बारा हात उरलेत त्यांना रोजगार हमीतून मजुरी द्या, दरवर्षी एप्रिल-मेमध्ये वाट साफ होईल, पायऱ्या नीट होतील.

हे काही नवं सांगत नाही. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या गावांत, पडकई म्हणून अशीच जुनी रीत आहे. गावातली घरं मिळून एकेकाच्या उतारावर भातखाचरं बांधतात. तिथंही धरणानं खालची जमीन नेली आणि लोक वर सरकले. पण तिथं कुणीतरी ती रीत ओळखली आणि तिला सरकारी पैशाची जोड मिळवून दिली. 'हे लोक आपलं आपण करतात' म्हणून सोडून दिलं नाही. करतात, तर त्यांच्या हाताला मजुरी द्या, एवढं साधं.

जाऊबाईंना मी विचारलं, पत्रात तुमच्याकडून काही लिहू का. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, फोटो चांगला आलाय, मोठा करून पाठवतील का विचार, मुंबईत नातवाला द्यायचाय. पैसे पडतील तेवढे देऊ. मी म्हटलं, आधी माझी साखर द्या.

फोटो पाठवलात तर तापोळ्याच्या धक्क्यावर लाँचवाल्याकडे द्यायला सांगा. पाकिटावर फक्त 'कारवीवाल्या आजी' लिहिलं तरी चालेल. पाऊस सुरू व्हायच्या आत पाठवा, एवढंच.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
कांदाटी खोरे, ता. महाबळेश्वर, जि. सातारा
(नाव छापू नये ही विनंती. खोऱ्यात सगळ्यांना कळेलच.)